हळदीचे पेटंट आणि जैवविविधतेचा कायदा

जीवसृष्टीचे संरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाघ आणि राखीव जंगल येते. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. पुढे शंभर वर्षे जगभर हीच वाट रुळली : जागा राखायची आणि शिकार थांबवायची. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही याच वाटेवरचा. पण वसमतच्या शिवारातल्या हळदीचे काय?

हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे तिला बी धरत नाही. दरवर्षी गड्डे बेणे म्हणून राखून पुन्हा लावावे लागतात. एखादी जात लावायचे लोकांनी सोडले, की थोड्याच वर्षांत ती नाहीशी होते. इथे संरक्षण करतो तो शेतकरी.

ही गोष्ट जगाने १९९२ साली रिओ दि जानेरो येथील जैवविविधता करारात मान्य केली. जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क आहे, तिचा वापर जपून व्हावा आणि वापरातून होणारा लाभ न्याय्य रीतीने वाटला जावा, असे त्यात ठरले.

लगेचच कसोटीची वेळ आली. मार्च १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. पेटंट हळदीवर नव्हते, तिच्या एका उपयोगावर होते, हा फरक विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. जखमेवर हळद दाबणे आपल्या घराघरांत ठाऊक होते. परंतु तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा ठरत नसे. छापील मजकूर लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख धरून ३२ संदर्भ सादर झाले. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले. आजीचे ज्ञान खरे होतेच, पण उपयोगी पडला तो कागद.

पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभा राहू लागला. २००२ साली जैविक विविधता कायदा झाला आणि २००३ मध्ये चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण आले. या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली.

२०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते. शेतातल्या जातींचे नव्हे. बाजारात चालणारी एकच जात सगळीकडे लागली, तर नाव टिकेल आणि विविधता जाईल.

म्हणून शाळेपासून सुरुवात करता येईल. गावात कोणत्या जाती लावतात, कोणत्या बंद झाल्या, बेणे कोण राखते, हे मुलांनी थोरांना विचारून लिहावे आणि गावच्या समितीकडे द्यावे. अशी नोंद असली, तरच काय गेले ते कळेल आणि उरलेले वेळीच लावता येईल.