सेवेचें नेतृत्व

ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगीं ख्रिस्तमंडळीचा पुढारी कसा असावा, हा प्रश्न आमच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर गोमंतकांतील बाणावली येथें १६५१ सालीं जन्मलेल्या संत जोझेफ वाझ यांच्या चरित्रांत मिळतें.

डच सत्तेनें सिलोनांतील कॅथोलिक धर्मगुरूंस हांकून लाविल्यामुळें तेथील भाविक कैक वर्षें मिस्सा व संस्कारांस मुकले होते. जुन्या गोव्यांतील धर्मगुरूंच्या संघाचें प्रमुखपद सोडून वाझ १६८७ सालीं मजुराच्या वेषांत जाफना येथें उतरले. पुढें १६९२ सालीं कॅंडीस गेले, तों हेर समजून राजानें त्यांस बंदींत टाकिलें. तेथें त्यांनीं सिंहली भाषा शिकून घेतली. १६९७ सालीं त्याच शहरांत देवीची सांथ आली. आप्तांनीं टाकून दिलेल्या रोग्यांस वाझ यांनीं अन्न भरविलें, मृतांस मूठमाती दिली; कोणाचा धर्म विचारिला नाहीं. राजाचा त्यांजवरील विश्वास दृढ झाला. बिशपपद देऊं केलें असतां त्यांनीं तें नाकारिलें. १७११ सालीं कॅंडींतच त्यांचें देहावसान झालें. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

पुढारीपण खुर्चीनें येत नाहीं. प्रभु येशूनें शिष्यांचे पाय धुतले, तेथें त्याचा उगम आहे. आजाऱ्याच्या उशाशीं जागणारीं, शेजारीं पेज पोंचविणारीं माणसें आमच्यांतही आहेत. परंतु सभेंत मानाची जागा आम्ही त्यांस देतों काय? पुढील ज्युबिलीस, देवळाच्या भिंती किती उंच झाल्या इतकेंच न सांगतां, किती दुःखितांच्या दारीं आम्ही गेलों हेंही सांगतां यावें, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.