हेरिंगच्या गावात, साल १५९६

जरा बाजूला व्हा, पिंप गडगडत येतंय. ओकच्या लाकडाचं, मिठात दाबलेल्या हेरिंग मासळीनं गच्च भरलेलं. ढकलणाऱ्याला तुमच्याकडे बघायलाही फुरसत नाही. तुम्ही उभे आहात उत्तर हॉलंडमधल्या एंखाउझेनच्या धक्क्यावर. बंदराच्या तोंडाशी ड्रॉमेडारिस बुरूज आहे, १५४० साली बांधलेला. उन्हाळा सरत आलाय, आणि मासेमारीची गलबतं शेटलंडकडच्या समुद्रावरून परततायत.

वर नजर टाका. गावाच्या चिन्हावर तीन हेरिंग आहेत. ज्या गावानं मासा असा डोक्यावर घेतलाय, त्याचा संसार कशावर चालतो हे वेगळं विचारायला नको.

हेरिंग बोटीवरच साफ होते. सुरीच्या एका फटक्यात कल्ले आणि थोडी आतडी निघतात, यकृत आणि स्वादुपिंड मात्र मुद्दाम ठेवतात. त्यांच्यामुळेच मिठात मासा चवीनं मुरतो. मग मिठाचा थर, माशांचा थर. चोवीस जूनच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या आधी जाळं टाकायचं नाही असा नियम आहे. धक्क्यावर पिंपं पुन्हा उघडली जातात. मासा खाली बसलेला असतो, म्हणून वरून भर घालून ताजं मीठ टाकतात. पिंपांवर छाप पडतो, मगच ती बाहेरगावी जातात. मला या गावाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते या शिस्तीचं. बाल्टिकच्या काठावरचा गिऱ्हाईक पिंप न उघडता पैसे मोजतो, तो त्या छापावरच्या भरवशानं.

त्या पैशातून राय धान्य येतं, नॉर्वेहून डोलकाठ्यांचं लाकूड येतं. इथले पिंपं बांधणारे, वाखाचे दोर वळणारे, जाळी सांधणाऱ्या बायका, सगळ्यांची चूल या एका माशावर पेटते. आणि मासा मिठावर जगतो. ते मीठ येतं मुख्यतः फ्रान्सच्या आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून. पोर्तुगाल तर १५८० पासून स्पेनच्या राजाच्या ताब्यात, आणि एंखाउझेननं १५७२ मध्येच त्या राजाविरुद्ध बंड करणाऱ्या ऑरेंजच्या राजपुत्राची बाजू घेतलेली. म्हणजे ज्याच्याशी लढाई, त्याच्याच मुलखाचं मीठ! त्याच्या बाजूनं लढणारे डंकर्कचे लुटारू वाटेत हेरिंगची गलबतं लुटतात. धक्क्यावरच्या बायका परतलेल्या प्रत्येक शिडाकडे इतक्या टक लावून का बघतात, ते आता तुमच्या लक्षात येईल.

आता गल्लीत वळा. इथे गावचा वैद्य पालुडानुस राहतो. त्याच्या खोल्यांमध्ये शिंपले, बिया आणि परमुलखांतून आलेल्या कितीतरी वस्तू भरल्यात. त्याच्याच टिपा असलेलं एक नवं पुस्तक यंदा ॲमस्टरडॅममध्ये छापलंय: ‘इतिनेरारिओ’. लेखक याच गावात राहतो. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन, तिशी ओलांडलेला. तो १५८३ मध्ये गोव्याला पोचला, तिथल्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता आणि १५९२ मध्ये परतला.

पान उलटा. नारळ आहे, आंबा आहे, फणस आहे, विड्याची पानं आहेत. गोव्याचा बाजार आहे. हेरिंग आणि राय पाव खाणाऱ्या या थंड गावात तुमच्या ओळखीचं झाड न् झाड कुणी मन लावून नोंदवून ठेवलंय, हे बघून छाती भरून येते. पण गावचे खलाशी फळांसाठी हे पुस्तक उघडत नाहीत. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेल्या सागरी वाटांची माहिती लेखकानं त्यात उघड केलीय, आणि मलाक्का टाळून सुंदा सामुद्रधुनीतून जा असा सल्ला दिलाय. मिठासाठी शत्रूच्या दारात उभं राहावं लागणाऱ्या या माणसांना मिऱ्यांसाठीही त्याच्याच दारात जायचं नाहीये.

त्यांना अजून ठाऊक नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघेल आणि तिच्या सहा शाखांपैकी एक एंखाउझेनमध्ये असेल. आणि १६३७ मध्ये त्याच कंपनीची वखार गोव्याच्या उत्तरेला, वेंगुर्ल्यात उभी राहील.