इंग्रजीतील ‘-इंग’ रूपाचा इतिहास आणि षष्ठीचा वाद

‘दे ऑब्जेक्टेड टु हिज गोइंग’ आणि ‘दे ऑब्जेक्टेड टु हिम गोइंग’ ही दोन्ही वाक्ये इंग्रजीत आढळतात. दोहोंचा अर्थ एकच : त्याच्या जाण्यास त्यांनी हरकत घेतली. पहिल्या वाक्यात ‘गोइंग’ ह्या धातुसाधित नामापूर्वी सर्वनामाची षष्ठी आहे, दुसऱ्यात कर्मविभक्ती. शालेय व्याकरणांनी पहिले वाक्य शुद्ध व दुसरे अशुद्ध ठरविले. रेन आणि मार्टिन ह्यांच्या ज्या व्याकरणावर भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या, त्यातही व्यक्तिवाचक नामासर्वनामांपुरता षष्ठीचाच नियम आहे. हा नियम कोठून आला आणि त्याला भाषेच्या इतिहासाचा आधार कितपत आहे, हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या अभ्यासकांचा नव्हे. व्याकरणनियमाचे प्रामाण्य कशात असते, हाच मूळ प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्राचीन इंग्रजीत आजचे एक ‘-इंग’ रूप नव्हते. दोन स्वतंत्र रूपे होती. धातूला ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ प्रत्यय लागून भाववाचक नाम होई. ‘शिकणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून ‘लेओर्नुंग’. हे सर्वस्वी नाम होते. त्याला विभक्ती लागत आणि क्रियेचे कर्म सांगावयाचे तर ते षष्ठीत येई. वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषण मात्र ‘-एंडे’ प्रत्ययाने सिद्ध होई. ‘लेओर्नियेंडे’, म्हणजे शिकणारा. त्या काळी ह्या दोन रूपांत गोंधळ होण्याचे कारणच नव्हते.

बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान ही स्थिती पालटली. विशेषणाचा प्रत्यय उत्तरेकडे ‘-अँड’, मध्यभागात ‘-एंडे’, तर दक्षिणेकडे ‘-इंडे’ असा उच्चारला जाई. ह्यांपैकी दक्षिणी रूप नामाच्या ‘-इंगे’ ह्या रूपाजवळ सरकले आणि अखेर दोन्ही एकरूप झाली. ह्याच सुमारास, विशेषतः चौदाव्या शतकापासून, नाम असलेले ‘-इंग’ रूप क्रियापदाचे गुण धारण करू लागले. त्याला प्रत्यक्ष कर्म जोडता येऊ लागले. क्रियाविशेषण जोडता येऊ लागले. पुढे पूर्णकाळाची व कर्मणि प्रयोगाची संयुक्त रूपेही त्याला लाभली. ह्या स्थित्यंतराचे कारण काय, ह्याविषयी मतभेद झाले. आयनेंकेल ह्यांनी फ्रेंचच्या प्रभावावर भर दिला. जॉर्ज कर्म ह्यांनी 1912 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या रूपाची वाढ इंग्रजीच्या अंतर्गत इतिहासातून उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला.

शब्दयोगी अव्ययांशी असलेला ह्या रूपाचा संबंध येथेच स्पष्ट होतो. जर्मन व फ्रेंच ह्या भाषांत ‘विना’ ह्या अर्थाच्या अव्ययामागून हेत्वर्थ रूप येऊ शकते. इंग्रजीत ते चालत नाही; ‘विदाउट सेइंग’ असेच म्हणावे लागते. प्राचीन इंग्रजीत ‘टु’ हे एकच अव्यय हेत्वर्थाशी नियमाने जोडले जाई. इतर अव्ययांपुढे क्रिया ठेवावयाची तर नाम हवे, आणि ती गरज ‘-इंग’ रूपाने भागविली. कालांतराने ‘टु’चा मूळ अर्थ झिजून ते हेत्वर्थाचे केवळ चिन्ह बनले. म्हणूनच ‘वाँट टु गो’ आणि ‘लुक फॉरवर्ड टु गोइंग’ ह्यांतील ‘टु’ दिसावयास एक असले तरी व्याकरणदृष्ट्या भिन्न आहेत. दुसऱ्यातील ‘टु’ अद्याप खरे शब्दयोगी अव्यय आहे. विद्यार्थ्यांची येथे होणारी नित्याची चूक ह्या इतिहासाकडे पाहिल्यास सहज उमगते.

आता कर्त्याचा प्रश्न. ‘-इंग’ रूप जोवर शुद्ध नाम होते, तोवर कर्ता षष्ठीत असणे स्वाभाविक होते. परंतु ते क्रियापदासारखे वागू लागल्यावर कर्त्यालाही षष्ठीचे बंधन सैल झाले. त्यात रूपांच्या सारखेपणाची भर पडली. स्त्रीलिंगी ‘हर’ हे षष्ठीही आहे आणि कर्मविभक्तीही. ‘द बॉइज गोइंग’ ह्यात अनेकवचन आहे की अनेकवचनाची षष्ठी, हे कानाला कळत नाही. लेखनातील लोपचिन्हानेच ते कळते. ‘दीज’, ‘दोज’ ह्या सर्वनामांना तर षष्ठीच नाही. अशा परिस्थितीत षष्ठीविरहित रचना रूढ होणे अपरिहार्य होते.

ह्या प्रवाहाला बांध घालण्याचा प्रयत्न अठराव्या शतकात झाला. रॉबर्ट लौथ ह्यांनी 1762 च्या व्याकरणात असा दंडक घातला की, ‘-इंग’ रूपामागे उपपद असेल तर पुढे ‘ऑफ’ हवे, आणि उपपद नसेल तर ‘ऑफ’ही नको, म्हणजे रूप एक तर पुरते नाम असावे, नाही तर पुरते क्रियारूप. लिंडले मरे ह्यांच्या 1795 च्या व्याकरणाने कर्त्याच्या षष्ठीचा पुरस्कार केला, आणि त्या ग्रंथाच्या अफाट प्रसारामुळे तो पाठशाळांत रुजला.

वादाला खरी धार आली ती विसाव्या शतकात. एच. डब्ल्यू. फाउलर ह्यांनी षष्ठीविरहित रचनेला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असे नाव देऊन तिचा कडक निषेध केला. सोसायटी फॉर प्युअर इंग्लिशच्या पुस्तिकेत 1925 साली आणि ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ ह्या कोशात 1926 साली. त्यांचा आक्षेप तर्काचा होता. ‘हिम गोइंग’मध्ये हरकत ‘त्याला’ नाही आणि सुट्या ‘जाण्या’लाही नाही, मग अव्ययाचा संबंध कोणाशी? डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन ह्यांनी 1926 साली त्याच संस्थेच्या पुस्तिकेत उत्तर दिले. मान्यवर लेखकांच्या ग्रंथांतील उदाहरणांची रास मांडून त्यांनी ही रचना जुनी व सुप्रतिष्ठित असल्याचे दाखविले. अव्ययाचा संबंध एका शब्दाशी नसून कर्ता आणि क्रिया मिळून होणाऱ्या संपूर्ण अन्वयाशी आहे, अशी त्यांची उपपत्ती होती. 1927 साली फाउलर ह्यांनी प्रत्युत्तर दिले. मत मात्र बदलले नाही.

मराठी वाचकास येस्पर्सन ह्यांचे म्हणणे समजणे अवघड नाही. ‘त्याच्या जाण्यामुळे घर सुने झाले’ आणि ‘तो गेल्यामुळे घर सुने झाले’ ही दोन्ही वाक्ये निर्दोष मराठी आहेत. पहिल्यात कर्ता षष्ठीत आहे. दुसऱ्यात तो प्रथमेत आहे आणि ‘मुळे’चा अन्वय ‘तो गेला’ ह्या संपूर्ण घटनेशी आहे. फाउलर ह्यांचा तर्क येथे लावला, तर दुसरे वाक्य अशुद्ध ठरवावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही. दोन भाषांच्या रचना एक नव्हेत. तथापि घटना एकसंध धरून तिला अव्यय जोडणे हा तर्कदोष नव्हे, एवढे ह्या तुलनेवरून सिद्ध होते.

पुढील काळाने येस्पर्सन ह्यांच्या बाजूने कौल दिला. फाउलर ह्यांच्या कोशाच्या 1965 च्या आवृत्तीत अर्नेस्ट गॉवर्स ह्यांनी निषेध सौम्य केला. 1996 च्या आवृत्तीत बर्चफील्ड ह्यांनी षष्ठी मागे हटत असल्याची नोंद केली. 1985 च्या क्वर्क व सहकाऱ्यांच्या व्याकरणाने शुद्ध नामापासून शुद्ध क्रियारूपापर्यंत ‘-इंग’च्या अनेक पायऱ्या मानल्या, तर 2002 च्या हडल्स्टन व पुलम ह्यांच्या व्याकरणाने धातुसाधित नाम व विशेषण हा भेदच आधुनिक इंग्रजीपुरता सोडून दिला.

म्हणून षष्ठी त्याज्य ठरते असे नव्हे. वाक्यारंभी आणि औपचारिक गद्यात ‘हिज गोइंग’ आजही अधिक शोभते; ‘आय सॉ हिम गोइंग’ ह्यात मात्र ‘हिम’ हेच पाहण्याचे कर्म असल्याने षष्ठीला स्थानच नाही. विवेक राखावयाचा तो ह्या भेदांचा. ‘हिम गोइंग’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत तांबडी रेघ ओढणारा शिक्षक भाषेच्या बाजूने उभा असतोच असे नाही. तो तिच्या इतिहासातील एका टप्प्याच्या बाजूने उभा असतो. नियम हा भाषाव्यवहारातून निघावा लागतो. व्यवहार पुढे गेल्यावर मागे उरलेल्या नियमाचे मोल इतिहासाच्या साधनाचे असते, न्यायाधीशाच्या निवाड्याचे नव्हे.