पोलीस दलातील संगणक-पुरावा तपासनीस : पद, पात्रता आणि कायदा यांचा ऐतिहासिक आढावा (इ.स. २००० ते २०२४)

प्रस्तावना :

भारतातील गुन्हे तपासाला विज्ञानाची जोड मिळाल्यास शतकाहून अधिक काळ लोटला आहे. इ.स. १८९७ मध्ये कलकत्ता येथे अंगुलीमुद्रा कार्यालय स्थापन झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचा मोलाचा वाटा होता. बोटाचा ठसा माणसाबरोबर जन्मभर राहतो. संगणकातील नोंद मात्र नुसते यंत्र सुरू केल्यानेही बदलू शकते. त्यामुळे संगणकातील पुरावा कोणी हाताळावा, हा प्रश्न आरोपीच्या स्वातंत्र्याशी आणि फिर्यादीच्या न्यायाशी थेट निगडित आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाची भारतीय कायद्याने वेळोवेळी दिलेली उत्तरे तपासली आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. संगणक-पुरावा तपासनीसाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. त्याच्या पात्रतेविषयीच्या कायदेशीर तरतुदींचा कालक्रमाने आढावा घेणे.
३. न्यायालयीन निर्णयांचा या कामावर झालेला परिणाम अभ्यासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियम व सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय हा मुख्य आधार आहे.

विषय विवेचन :

अ) कामाचे स्वरूप : अमेरिकेत एफ.बी.आय.ने १९८४ मध्ये संगणकीय पुराव्याच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनमधील पोलीस प्रमुखांच्या संघटनेने पुढे मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मूळ माहितीत बदल होईल अशी कोणतीही कृती करू नये, हे त्यांतील पहिले तत्त्व होय. मूळ माहिती हाताळणे अपरिहार्यच झाले, तर ती हाताळणारी व्यक्ती त्या कामास सक्षम असावी व आपल्या कृतीचे स्पष्टीकरण तिला साक्षीत देता यावे, असे दुसरे तत्त्व सांगते. पात्रतेचा विचार येथे कामाच्या स्वरूपातूनच पुढे येतो.

हे काम पंचनाम्यापासून सुरू होते. बंद असलेला संगणक सुरू करायचा नाही, हा साधा नियम आहे. यंत्र सुरू होताच अनेक फायलींच्या तारखा बदलतात. उलट, चालू असलेले यंत्र घाईने बंद केल्यास तात्पुरत्या स्मृतीतील माहिती नष्ट होते. यंत्र चालू आहे की बंद, हे पाहून निर्णय घ्यावा लागतो आणि तो जागेवरच्या पोलीस अधिकाऱ्यालाच घ्यावा लागतो. जप्त केलेल्या मुद्देमालास मोहोर लावून तो प्रयोगशाळेत पाठविला जातो. तेथे लेखनास अटकाव करणाऱ्या उपकरणाद्वारे डिस्कची तंतोतंत प्रत घेतात व मूळ आणि प्रत यांचे हॅश मूल्य ताडून पाहतात. माहितीत एका बिटाचाही फरक पडल्यास हे मूल्य बदलते. त्यानंतरचा सर्व शोध प्रतीवरच घेतला जातो. खोडलेली फाईल तिच्या जागी दुसरी माहिती लिहिली जाईपर्यंत बहुधा शिल्लक असते, ही जुन्या चुंबकीय डिस्कबाबतची समजूत नव्या एस.एस.डी. साठवणुकीस तितकीशी लागू पडत नाही. म्हणून तपासनीसाचे शिक्षण एकदाच पूर्ण होत नाही.

आ) पदावर आधारित पात्रता : माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ७८ नुसार या गुन्ह्यांचा तपास पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याकडेच होता. अधिकाराचा गैरवापर टाळण्याची अपेक्षा त्यामागे दिसते. परंतु या कलमात दर्जाची अट होती, संगणकीय ज्ञानाची नव्हती. २००१ मध्ये बंगळूर येथे सायबर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलीस ठाणे सुरू झाले, तरी उपअधीक्षक दर्जाचे अधिकारी सर्वत्र संख्येने मोजकेच असतात. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, ही अट पोलीस निरीक्षकापर्यंत खाली आणली. त्याच दुरुस्तीने कलम ७९-अ अन्वये इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा परीक्षक अधिसूचित करण्याची तरतूद केली. तपास करणारा आणि परीक्षण करणारा यांतील भेद कायद्याने येथे मान्य केला.

इ) न्यायालयाची भूमिका : संसदेवरील १३ डिसेंबर २००१ च्या हल्ल्याच्या खटल्यात जप्त केलेला लॅपटॉप महत्त्वाचा पुरावा ठरला. काही फायलींवर जप्तीनंतरच्या तारखा असल्याचा आक्षेप बचाव पक्षाने घेतला. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २००५ च्या निर्णयात तज्ज्ञाची साक्ष ग्राह्य मानून तो फेटाळला. याच निर्णयात कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राविनाही दूरध्वनी नोंदी स्वीकारल्या गेल्या. १८ सप्टेंबर २०१४ रोजी अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणात न्यायालयाने ही भूमिका बदलली व प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. २०१८ मध्ये दुसऱ्या एका निर्णयाने पुन्हा शिथिलता आणली.

या मतभेदाचा निकाल महाराष्ट्रातील एका प्रकरणाने लागला, हे विशेष नमूद करावे लागेल. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे नामनिर्देशनपत्र मुदतीनंतर दाखल झाले, असा आरोप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी केला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्याचा आधार होता, पण मागणी करूनही त्यांना प्रमाणपत्र मिळाले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरणच हजर केलेले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. मात्र शक्य ते सर्व प्रयत्न करूनही ते न मिळालेल्या पक्षकारास त्या अटीतून सूट मिळू शकते, असेही मान्य केले.

ई) तज्ज्ञाकडे वाटचाल : १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राचे दोन भाग असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे. त्यात हॅश मूल्याची नोंद अपेक्षित आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. मनुष्यबळासाठी गांधीनगरच्या विद्यापीठास २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

निष्कर्ष :

१. भारतीय कायद्याने प्रथम अधिकाऱ्याच्या पदावर, नंतर प्रमाणपत्रावर आणि अखेरीस तज्ज्ञाच्या ज्ञानावर भर दिला.
२. परीक्षकाच्या पात्रतेचा विचार झाला, परंतु मुद्देमाल प्रथम हाताळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमात आजही दर्जाचीच अट आहे.
३. पहिल्या तासात झालेली चूक प्रयोगशाळेतील निष्णात तज्ज्ञही भरून काढू शकत नाही. म्हणून ठाणे पातळीवरील प्रशिक्षण नियमित होणे अगत्याचे आहे.

थोडक्यात, प्रमाणपत्रावरील स्वाक्षरीस अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ती करणाऱ्यास आपण काय प्रमाणित करतो याचे ज्ञान असते. निर्दोष व्यक्तीचे रक्षण व दोषी व्यक्तीची शिक्षा या दोन्ही गोष्टी त्या ज्ञानावरच अवलंबून आहेत.