साथरोगांच्या ‘गुप्तहेरां’चा बूट फाटका का?

अमेरिकेतील सीडीसी या आरोग्य संस्थेची ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ ही दोन वर्षांची फेलोशिप १९५१ मध्ये ॲलेक्झांडर लँगम्युअर यांनी सुरू केली. तिच्या बोधचिन्हात पृथ्वीगोलावर बुटाचा तळवा आहे, तोही भोक पडलेला! कारण इथलं शिक्षण वर्गात कमी, पायपिटीत जास्त.

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. ११ हजारांहून जास्त माणसं गेली. तिथे पोहोचलेल्या फेलोंना सिनेमातली धावपळ नाही, तर याद्या मिळाल्या. रुग्णाला कोणी स्पर्श केला, अंत्यविधीत मृतदेह कोणी धुतला? अशा प्रत्येकावर २१ दिवस रोज लक्ष ठेवायचं. एक नाव सुटलं, तरी नवी साखळी सुरू.

दारोदार फिरणारे बहुतेक स्थानिकच होते. फेलोंनी त्यांना शिकवायचं, आकडे जुळवायचे. पण भीतीपोटी लोक रुग्ण लपवत. तिथे पदवी कामाची नव्हती. गावातल्या वडीलधाऱ्यांशी, इमाम-पाद्र्यांशी बोलल्यावरच दारं उघडत.

भारतातही दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात याच धर्तीवरचं प्रशिक्षण २०१२ पासून सुरू आहे.