जपानमध्ये १४ फेब्रुवारीला चॉकलेट फक्त मुलीच का देतात?

फेब्रुवारी आला की आपल्याकडे एक वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, "व्हॅलेंटाइन वगैरे सगळं कंपन्यांनी काढलंय." दुसरा म्हणतो, "काढलं तर काढलं, प्रेम तर खरं आहे ना?" म्हणून आज जपानला जाऊ. कारण तिथे हा दिवस खरंच कंपन्यांनी रुजवला.

१९३६ मध्ये कोबे शहरातल्या मोरोझॉफ या कंपनीने व्हॅलेंटाइनला चॉकलेट भेट द्या, अशी जाहिरात केली. पण ती छापली इंग्रजी पेपरात, तिथल्या परदेशी लोकांसाठी. सामान्य जपानी माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. मग १९५८ मध्ये मेरी चॉकलेट कंपनीने टोकियोच्या इसेतान डिपार्टमेंट स्टोअरमध्ये स्टॉल लावला. तीन दिवसांत विक्री झाली १७० येनची. म्हणजे तीन चॉकलेटं आणि एक कार्ड, बस्स!

पुढच्या वर्षी त्यांनी बदामाच्या आकाराचं चॉकलेट आणलं, त्यावर नाव कोरून द्यायची सोय केली आणि सांगितलं की वर्षातून एकदा बाईनेच पुरुषाला प्रेम सांगावं. ही कल्पना चालली. मुलीने आपणहून बोलायचं नाही, अशी रीत असलेल्या समाजात तिला एक दिवस का होईना, बोलायची मुभा मिळाली. धंदा कंपनीचा असेल, पण मुभा खरी होती.

गोष्ट इथे संपली असती तर छान होतं. पण ऑफिसात एकाला दिलं की बाकीच्यांना काय वाटेल? मग साहेबांना द्या, शेजारच्या टेबलावरच्यांना द्या. याला नाव पडलं गिरी-चोको. गिरी म्हणजे पाळावं लागणारं सामाजिक कर्तव्य. मनापासून ज्याला द्यायचं, त्याचं ते होनमेई-चोको. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते ना, कोणी किती दिले आणि आपण किती परत करायचे? तसंच काहीसं. परतफेडीलाही दिवस मिळाला, १४ मार्च, व्हाइट डे. तोही मिठाईवाल्यांनीच १९७८ ते ८० च्या सुमारास सुरू केला.

या सगळ्यात खर्च आणि टेन्शन कोणाला? नोकरी करणाऱ्या बायकांना. १ फेब्रुवारी २०१८ ला गोडायव्हा या चॉकलेट कंपनीनेच निक्केई या मोठ्या दैनिकात पानभर जाहिरात दिली. मुद्दा असा, की गिरी-चोको आता बंद करूया आणि कंपन्यांच्या प्रमुखांनी स्वतः बायकांना सांगावं, उगाच ओढाताण करू नका. आता बऱ्याच मुली मैत्रिणींना तोमो-चोको देतात, किंवा सरळ स्वतःसाठीच भारीतलं चॉकलेट घेतात.

म्हणून मला वाटतं, दिवस कोणी काढला हा प्रश्न तितका महत्त्वाचा नाही. 'नाही देत' म्हणायची सोय आहे का, ते बघा. ती असेल तर भेट, नसेल तर वसुली.

तुमच्या ऑफिसात अशी कुठली 'गिरी' चालते? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!