घरातील नेटवर्कसाठी स्विच : किती पोर्ट, किती वेग, किती वीज?

घरून काम करण्याची पद्धत रुळल्यापासून परदेशातील अनेक मराठी घरांत एकाच वेळी दोन कार्यालये, एक शाळा आणि एक चित्रपटगृह सुरू असते. राउटरवरील तीन-चार पोर्ट अशा घरात लवकरच संपतात आणि स्विचची गरज भासते. बाजारात मात्र पाच पोर्टांच्या साध्या डबीपासून कार्यालयीन यंत्रापर्यंत सारे काही याच नावाने विकले जाते. म्हणून स्विच काय करतो आणि काय करत नाही, हे खरेदीपूर्वी जाणून घेणे इष्ट.

स्विचचे कार्य

पूर्वीचा हब आलेली माहिती सर्वच पोर्टांवर पाठवीत असे. स्विच प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता लक्षात ठेवतो आणि माहिती नेमक्या त्याच पोर्टावर पोहोचवतो. इथरनेट स्विच बाजारात आणण्याचा पहिला मान सिलिकॉन व्हॅलीतील 'कल्पना' या कंपनीकडे जातो. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

स्विचमुळे इंटरनेटचा वेग वाढत नाही. भारतातील आईवडिलांशी बोलताना चित्र गोठत असेल, तर दोष बहुधा वायफायच्या क्षीण सिग्नलचा किंवा इंटरनेट जोडणीचा असतो. संगणक केबलने जोडल्यास पहिला दोष दूर होतो. दुसऱ्यावर स्विचकडे इलाज नाही.

पोर्टांची संख्या

जागेवरून न हलणारी उपकरणे आधी मोजावीत : टीव्ही, डेस्कटॉप, प्रिंटर, गेमिंग कन्सोल, वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट. एक पोर्ट राउटरच्या जोडणीत जातो, त्यामुळे पाच पोर्टांच्या स्विचवर चारच उपकरणे बसतात. आठ पोर्टांचा स्विच थोड्याशा जादा किमतीत पुढील काही वर्षांची सोय करतो.

वेग

१०० मेगाबिटचे स्विच आजही स्वस्तात मिळतात, ते टाळावेत. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट माहिती जाते. १०० गिगाबाइटचा छायाचित्रसंग्रह हलविण्यास साधारण १५ मिनिटे लागतात. २०१६ च्या प्रमाणकातील २.५ गिगाबिट जोडणी हेच काम सुमारे सहा मिनिटांत करते आणि १०० मीटरपर्यंत जुन्या कॅट ५ई केबलवरही चालते. मात्र दोन्ही टोकांची उपकरणे, त्यांतील डिस्क आणि मधला स्विच, सर्वांचीच तेवढी क्षमता हवी. जोडणीचा वेग तिच्यातील सर्वांत संथ कडीइतकाच असतो. इंटरनेट योजना एक गिगाबिटहून मोठी असेल किंवा घरात नॅसचा नियमित वापर असेल, तरच हा जादा खर्च सार्थ ठरतो.

केबलमधून वीज

कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांना नेटवर्क केबलमधूनच वीज द्यायची असल्यास पीओई स्विच लागतो. ८०२.३एएफ प्रमाणकानुसार एका पोर्टाला १५.४ वॅट, तर ८०२.३एटीनुसार ३० वॅट मिळू शकतात. खरी मर्यादा असते ती संपूर्ण स्विचच्या एकत्रित क्षमतेची. प्रत्येकी ८ वॅटचे चार कॅमेरे आणि १५ वॅटचे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट मिळून ६२ वॅट होतात; पोर्ट शिल्लक असूनही ६० वॅटचा स्विच येथे अपुरा पडतो. केबल शुद्ध तांब्याची असावी; तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल अधिक तापते.

मॅनेज्ड की साधा?

कार्यालयाचा लॅपटॉप आणि स्वस्तातला कॅमेरा एकाच नेटवर्कवर असणे धोक्याचे ठरू शकते. कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअर असुरक्षित असेल, तर घुसखोराला आतल्या इतर उपकरणांपर्यंत पोहोचण्याची वाट सापडते. मॅनेज्ड स्विचवर व्हीलॅनद्वारे अशा उपकरणांची विभागणी करता येते. मात्र राउटरलाही व्हीलॅन समजले पाहिजे. अशा स्विचचा मूळ पासवर्ड बदलणे आणि त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे ही जबाबदारी घरमालकाचीच. ती पेलणार नसेल, तर साधा स्विच घ्यावा आणि वायफायवरील कॅमेरे राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवावेत.

जागा आणि व्होल्टेज

अभ्यासिकेसाठी किंवा बैठकीच्या खोलीसाठी पंखा नसलेला स्विच योग्य. अनेक घरगुती स्विच ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असतात. आखाती देशांतील बंद कोठीघर किंवा अमेरिकेतील घराचा पोटमाळा उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडतो. अमेरिकेत घेतलेला स्विच पुढे भारतात न्यायचा असल्यास त्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा आहे ना, हे लेबलवर पाहावे.

बहुतेक घरांची गरज आठ पोर्टांचा, पंखा नसलेला, साधा गिगाबिट स्विच पूर्ण करतो. त्यापुढील प्रत्येक सुविधेसाठी पैसे मोजण्यापूर्वी ती वापरणारे उपकरण घरात आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी बराच खर्च वाचतो.